बेळगावातून मसाई माराला कॅमेरा घेऊन जाताना: बॅग कशी भरायची आणि कसं फिरायचं

आपल्याकडं हौशी फोटोग्राफर काही कमी नाहीत. पाऊस लागला की आंबोलीला रात्री टॉर्च घेऊन बेडूक शोधणारे, दांडेलीला धनेशाच्या मागं पहाटे उठून जाणारे, खानापूरच्या पुढं भीमगडच्या कडेच्या गावांतनं फिरणारे कितीतरी जण माझ्या ओळखीचे आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांच्या डोक्यात एकदा तरी केनियातलं मसाई मारा, म्हणजे तिथलं जंगली जनावरांचं राखीव रान, असतंय. जायचं ठरलं की सगळे विचारतात लेन्स कुठली नेऊ, खरं लेन्सपेक्षा आधी विचारायचा प्रश्न आहे की ती लेन्स बेळगावातून मुंबईपर्यंत सुखरूप कशी जाणार. माझ्या अनुभवात पूर्ण ट्रिपमधला सगळ्यात अवघड टप्पा हाच असतोय. म्हणून बॅग नैरोबीच्या हिशोबानं नाही तर बेळगाव-मुंबईच्या हिशोबानं घ्या, बाकी सगळं त्यात बसतंय.

आधी कागद

केनियाला जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी, लागतंय, ते निघायच्या आधी ऑनलाइन काढायचं. पिवळ्या तापाची लस मात्र विसरू नका, कारण केनियाहून परत येताना आपल्याच विमानतळावर तिचं सर्टिफिकेट बघतात आणि नसेल तर क्वारंटाइनमध्ये बसवू शकतात. लस घेतल्यावर १० दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतंय आणि मग ते आयुष्यभर चालतंय. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं ठरवून दिलेल्या केंद्रातच मिळतेय, म्हणून अपॉइंटमेंट महिना-दीड महिना आधीच घेऊन ठेवा.

त्याच बैठकीत एक कागद घ्या आणि कॅमेऱ्याची बॉडी, लेन्स, फ्लॅश, लॅपटॉप सगळ्यांचे सीरियल नंबर लिहून काढा, शेजारी बिलाची झेरॉक्स लावा, आणि फोनवर प्रत्येक वस्तूचा नंबर दिसेल असा फोटो काढून ठेवा. हा कागद पुढं तीन ठिकाणी कामाला येतोय, कस्टमला, इन्शुरन्सला, आणि चोरी झाली तर पोलिसांत. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये एका वस्तूला किती भरपाई मिळते ते नीट वाचा, बऱ्याच पॉलिसीत ती रक्कम लेन्सच्या किमतीपुढं अगदीच कमी असतेय, मग कॅमेऱ्याची वेगळी पॉलिसी काढलेली बरी.

वजन घरातच करा

बऱ्याच एअरलाइन्स इकॉनॉमीत केबिन बॅगेला ७ किलो देतात. काहींचं जास्त असतंय, तिकिटावर बघून घ्या. ७ किलो ऐकायला भरपूर वाटतंय, आता हिशोब करा: चांगल्या पॅडिंगची रिकामी बॅगच दीड किलोच्या वर, सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी लेन्स १.९३ किलो, दोन बॉडी मिळून जवळजवळ दीड किलो, एक २४-७० लेन्स पाऊण-एक किलोची, चार्जर-बॅटऱ्या अर्धा किलो. म्हणजे लॅपटॉप न घालताच साडेसहाला टेकलो की!

माझा उपाय सांगतो. बॅग भारी कंपनीची नको, हलकी घ्या, साध्या सॅकमध्ये पॅडिंगचा इन्सर्ट घातला की निम्मं वजन वाचतंय आणि बाहेरनं ती कॉलेजच्या पोराच्या दप्तरासारखी दिसतेय, हा दुसरा मोठा फायदा. आत काय आहे ते कुणाला कळत नाही. लॅपटॉप खरंच लागतोय का विचार करा, कार्डचा बॅकअप एसएसडीवर फोन लावून पण घेता येतोय. आणि भरपूर खिशांचं जॅकेट घाला, छोटी लेन्स, बॅटऱ्या, हार्ड डिस्क खिशात. बॅग भरून झाली की हुकाचा छोटा काटा असेल तर त्यावर, नसेल तर रविवार पेठेत ओळखीच्या दुकानात नेऊन काट्यावर ठेवा. विमानतळावर पहिल्यांदा आकडा कळायला नको.

कशाला हातात आणि कशाला चेक-इनमध्ये, याचं माझं एकच माप आहे: नैरोबीत विकत मिळणार नाही किंवा परवडणार नाही ते खांद्यावर. बॉडी, लेन्सा, बॅटऱ्या, कार्डं खांद्यावर. ट्रायपॉड, कपडे, अडॅप्टर, क्लीनिंगचं सामान, पायातले बूट चेक-इनमध्ये. घरनं कुणीतरी कुंदा देणारच, तो पण चेक-इनमध्येच, नीट डब्यात. कॅमेऱ्याशेजारी नको, तूप सुटतंय.

आणि प्लास्टिकच्या पिशव्या नको. आपल्याला प्रत्येक वस्तू कॅरीबॅगमध्ये गुंडाळायची सवय, खरं केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून त्यांच्यावर बंदी आहे आणि दंड मोठा आहे. कापडी पिशव्या आणि उशीचे जुने अभ्रे घ्या, पुढं धुळीत पण तेच कामाला येतात.

बॅटऱ्या

सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये चालतच नाहीत, कायम केबिनमध्ये. मर्यादा १०० वॅट-अवरची आहे, १०० ते १६० पर्यंत एअरलाइनची परवानगी लागतेय. हिशोब सोपा आहे, एमएएचला व्होल्टनं गुणायचं आणि हजारानं भागायचं. कॅमेऱ्याची बॅटरी साधारण १६ वॅट-अवरची असतेय, तिची काळजी नाही. पॉवर बँक २०,००० एमएएचची असेल तर ३.७ व्होल्टनं गुणून ७४, ती पण बसतेय. ३०,००० ची मात्र १११ होतेय, ती घरात ठेवा. छापलेला आकडा खोडला गेलेली पॉवर बँक पण नेऊ नका, आकडा वाचता आला नाही तर काढून घेतात. दुबईमार्गे एमिरेट्सनं जाणार असाल तर १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाला एकच पॉवर बँक आणि विमानात ती वापरायची नाही असा नियम आहे. प्रत्येक सुट्या बॅटरीच्या टोकावर चिकटपट्टी लावा किंवा तिचं प्लास्टिकचं टोपण लावा, नाण्यांच्या खिशात तशीच टाकू नका.

बीनबॅग शिवून घ्या

माराच्या जीपमध्ये ट्रायपॉड उभा करायला जागा नसतेय, छत वर उचलतात आणि आपण उभं राहून कडेवर लेन्स टेकवतो. तिथं बीनबॅगसारखं, म्हणजे लेन्स टेकवायच्या दाणे भरलेल्या पिशवीसारखं, दुसरं काही नाही. बाजारातली महाग घेऊ नका, जुन्या जीन्सचा पाय कापून शहापुरातल्या टेलरकडनं दुहेरी शिलाई आणि एका बाजूला चेन लावून घ्या. रिकामी न्यायची, जेमतेम कपड्याएवढं वजन. नैरोबीत सुपरमार्केटमधनं तीन-चार किलो तांदूळ घेऊन भरायची आणि शेवटच्या दिवशी तांदूळ ड्रायव्हरला नाहीतर कॅम्पच्या स्वयंपाकघरात द्यायचे. मी तर घरी पण हीच वापरतो, गाडीच्या खिडकीवर.

बेळगाव ते मुंबई

आता मुख्य गोष्ट. माराचं मायग्रेशन, म्हणजे विल्डबीस्टचे मोठे कळप तिथं येतात तो काळ, जुलै ते ऑक्टोबर, आणि तोच आपला पावसाळा. हायवेनं जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायलाच पाहिजे, २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूरजवळ शिरोलीला पुराचं पाणी येऊन रस्ता बंद झाला होता, २०२१ ला निपाणीजवळ यमगर्णीला पण. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये विमानाच्या आदल्या दिवशी नाही, त्याच्याही आदल्या दिवशी मुंबई गाठा. एक रात्र हॉटेलचे पैसे जातील, जाऊ देत.

रात्रीच्या स्लीपर बसनं जाणार असाल तर कॅमेऱ्याची बॅग डिक्कीत देऊ नका, क्लीनर कितीही म्हणू दे. पावसात डिक्कीत पाणी येतंय, वरनं दुसऱ्याची पोती पडतात. बर्थवर पायापाशी घ्यायची, पट्टा पायाला एक वेढा देऊन झोपायचं. जेवणाला थांबली की बॅग घेऊनच उतरायचं, पाच मिनिटं असली तरी.

सांबऱ्यावरून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, विमानानं निघालात तर दुसरी गोष्ट. इथं बऱ्याच वेळा एटीआरसारखं लहान विमान असतंय, आणि त्याच्या वरच्या कप्प्यात मोठी बॅग बसत नाही, मग शिडीपाशीच बॅग घेऊन खाली ठेवतात. माझ्यावर एकदा एका लहान विमानाच्या शिडीपाशी ही वेळ आली, वर पाऊस भुरभुरत होता, आणि आत बॅटऱ्या होत्या म्हणून तिथंच बॅग उघडून एकेक काढून खिशात घालायला लागल्या. मागं लाइन थांबलेली, हात थरथरायला लागले, एक लेन्स कॅप तिथंच राहिली. तेव्हापासून माझ्या बॅगेत अगदी वरती एक कापडी झोळी असतेय, तिच्यात बॉडी, मोठी लेन्स आणि बॅटऱ्यांची पाऊच. बॅग मागितली तर झोळी उचलून खांद्याला, बॅग देऊन टाकायची. दहा सेकंदांचं काम. सॅक मऊ असली तर समोरच्या सीटखाली पण सरकतेय, कडक केसवाली सरकत नाही.

अजून एक, बेळगाव-मुंबई आणि मुंबई-नैरोबी वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर पहिल्या विमानाला देशांतर्गत मर्यादा लागतेय, बऱ्याचदा १५ किलोच. नैरोबीच्या तिकिटावर ४६ किलो लिहिलंय म्हणून भरून निघालात तर जादाचे पैसे आपल्या सांबऱ्यालाच भरायला लागतील.

मुंबईला कस्टमचं सर्टिफिकेट

महागडं सामान घेऊन बाहेर चाललात तर जाताना कस्टमच्या टेबलवर एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. तुमचा सीरियल नंबरांचा कागद, बिलं आणि सामान दाखवायचं, ते नोंद करून देतात. परत आल्यावर ‘हे बाहेरनं घेतलं का’ असं विचारलं तर हाच पुरावा. सामान हातात पाहिजे, म्हणून यातलं काही चेक-इनमध्ये जाणार असेल तर बॅग द्यायच्या आधीच जा, आणि त्यासाठी तासभर जादा धरा. 

ड्रोन नेऊच नका. केनियात परवान्याशिवाय आणलेला ड्रोन विमानतळावरच ठेवून घेतात, आणि नॅशनल पार्कात परवानगीशिवाय उडवता येत नाही.

नैरोबीत आणि मारात

मुंबईहून थेट विमान साधारण सहा तासांचं, घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं. शहरात कॅमेरा गळ्यात अडकवून फिरायचं नाही. तिथल्या मटाटू म्हणजे आपल्या वडापसारख्या गाड्या, सामान नसताना चढा हवं तर, खरं बॅग घेऊन उबर-बोल्टची टॅक्सीच बरी. पोलिस, लष्कर, सरकारी इमारती यांच्याकडं लेन्स वळवू नका. मसाई लोकांचे फोटो विचारून काढा, आपल्या गावात कुणी गाडीतनं उतरून आपल्या आजीचा न विचारता फोटो काढला तर आपल्याला जसं वाटेल तसंच त्यांना वाटतंय.

माराला दोन वाटा. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरनं लहान विमान, त्यात साधारण १५ किलोची आणि ती पण मऊ बॅगेचीच मुभा, कॅमेरा धरून. नाहीतर नारोकवरनं गाडी, पाच-सहा तास. मोठी लेन्स असेल तर मी गाडीच म्हणेन, सामान आपल्याजवळ राहतंय आणि ड्रायव्हरशी पहिल्या दिवशीच ओळख होतेय. स्वाहिलीत गाडीला ‘गारी’ आणि दुकानाला ‘दुका’ म्हणतात, हे ऐकून मला फार आपलंसं वाटलं होतं! ‘पोले पोले’ म्हणजे हळूहळू आणि ‘सिमामा’ म्हणजे थांब, एवढं पाठ करा. जनावर दिसलं की इंजिन बंद करायला सांगा, चालू इंजिनाच्या थरथरीनं ६०० एमएमवर फोटो हलतोच. रिझर्व्हमध्ये रस्ता सोडून गाडी घालायला मनाई आहे आणि एका जनावरापाशी पाचपेक्षा जास्त गाड्या थांबवायच्या नाहीत, ड्रायव्हरला फोटोसाठी नियम मोडायला लावू नका.

धूळ बारीक असतेय, खानापूरच्या तांबड्या मातीच्या रस्त्यासारखी सगळ्यात घुसतेय. म्हणूनच दोन बॉडी, एकीवर मोठी लेन्स आणि एकीवर छोटी, आणि जीपमध्ये लेन्स बदलायची नाही. गाडी धावताना दोन्हीवर अभ्रा टाकायचा. संध्याकाळी आधी ब्लोअर, मग ब्रश, मग कापड, याच क्रमानं, धूळ असताना कापड फिरवलं तर काचेवर ओरखडे.

कॅम्पवर वीज बऱ्याचदा सोलर नाहीतर जनरेटरची, ठराविक तासच. प्लग तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा, व्होल्टेज आपल्यासारखंच. एक अडॅप्टर आणि त्याला आपल्याकडचा चार सॉकेटचा एक्स्टेन्शन बोर्ड नेला की सगळं एकदम चार्ज होतंय, चार अडॅप्टर घ्यायची गरज नाही. कार्डाची कॉपी रोज रात्री, दोन ठिकाणी, एक तुमच्या खिशात आणि एक सोबतच्या माणसाच्या बॅगेत. कार्ड मोकळं करायची घाई नको, जादा कार्डं न्या.

घरी आल्यावर

परत याल तेव्हा बेळगावात झड लागलेली असेल. विमानातला गार कॅमेरा मुंबईच्या दमट हवेत लगेच बाहेर काढू नका, बॅगेतच अर्धा-पाऊण तास राहू दे, नाहीतर काचेवर आतनं बाष्प धरतंय. घरात आल्यावर दमलोय म्हणून बॅग कपाटावर टाकू नका. त्याच रात्री सगळं बाहेर काढून धूळ झटकून लेन्सा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, ओल आणि धूळ दोन्ही मिळाली की फंगस धरायला वेळ लागत नाही. निळं जेल गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर परतून गार करून परत डब्यात घाला. रिकामी बॅग ऊन पडेल तेव्हा गच्चीवर उलटी करून वाळवा.