बाळाची अश्रुनलिका बंद असेल तर: आधी मसाज, मग प्रोबिंग

बाळाचा डोळा सतत पाणावतो आणि चिकटतो, तेव्हा बहुतेकदा नलिकेच्या नाकाकडच्या टोकाशी पातळ पडदा राहिलेला असतो. तो फुटावा म्हणून मसाज. नखं कापा, हात धुवा. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात, हाडाच्या कडेवर बोट टेकवून नाकाच्या बाजूने खाली दाबत न्या. एका वेळी असं ५ ते १० दा, दिवसातून ३-४ वेळा. नुसती त्वचा चोळली तर उपयोग शून्य. त्या कोपऱ्यात आत अश्रूंची पिशवी असते, तिच्यातला दाब खाली नलिकेत पोचायला हवा. कोपरा लाल, सुजलेला किंवा दुखरा असेल तर मसाज थांबवून लगेच डॉक्टर गाठा.

वर्षभरात बहुतेक नलिका आपोआप उघडतात. नाहीच उघडली तर भूल देऊन प्रोबिंग करतात, म्हणजे सळई घालून नलिका मोकळी करतात. पापणीच्या कडेवरचं अश्रुछिद्र (अश्रू आत शिरतात ते बारीक भोक) रुंद करून बारीक सळई आधी उभी साधारण २ मिमी, मग पापणी ताणून आडवी, हाड लागेपर्यंत सरकवतात. तिथून वळवून खाली. हाडाआधीच मऊ अडथळा लागला तर जोर लावायचा नाही, नाहीतर खोटी वाट पडते. शेवटी पाणी सोडून ते नाकात उतरतं का, हे तपासतात. पुन्हा बंद झाली तर सिलिकॉनची नळी काही महिने ठेवतात.