गुलमर्गला मुलांना स्कीइंग शिकवायला नेताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक घरी बसून बुकिंग करतानाच होते. मुक्काम श्रीनगरला, आणि पहलगाम, सोनमर्गसारखा गुलमर्गलाही एक दिवस. श्रीनगर ते गुलमर्ग अंतर जेमतेम ५० किलोमीटर, पण बर्फ पडलं असेल तर टंगमर्गला थांबावं लागतं. चाकांना साखळ्या लावलेली किंवा फोर बाय फोर गाडी घ्यायची आणि शेवटचे १३ किलोमीटर चढायचे. वर पोहोचेपर्यंत मुलं कंटाळलेली असतात. मग तासभर स्की पायात अडकवायच्या, फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत परत फिरायचं. याला स्कीइंग म्हणता येत नाही. पहिला दिवस बुटात चालण्यात आणि पडून उठण्यात जातो, दुसरा थांबायला शिकण्यात. मूल पहिलं वळण घेऊन मागे वळून तुमच्याकडे बघतं, ते साधारण तिसऱ्या दिवशी. म्हणून गुलमर्गलाच किमान चार रात्री राहा. त्यासाठी सोनमर्ग सोडावं लागलं तर बिनधास्त सोडा.

तारखांचंही तसंच. नाताळच्या सुट्टीत शिकण्याइतकं बर्फ असेलच याची खात्री नसते. जानेवारी २०२४ मध्ये भर हंगामात गुलमर्गची कुरणं कोरडी होती, आणि २०२५ मध्ये बर्फ नसल्यामुळे खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. त्यातल्या त्यात भरवसा जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा. लहान इयत्तांतल्या मुलांची आठवडाभर शाळा बुडवणं मला तरी चालतं. मे महिन्याच्या सुट्टीत मात्र या बेताने जाऊ नका, तेव्हा शिकायचे उतार हिरवेगार असतात.

बूट

आमची धाकटी पहिल्या दिवशी अर्ध्या तासात रडायला लागली. पाय दुखतोय, बोटं गार पडलीत. थंडी वाजू नये म्हणून तिला लोकरीच्या मोज्यांच्या दोन जोड्या मीच घातल्या होत्या. इन्स्ट्रक्टरने बूट काढला, आतला मोजा ओढून सरळ केला आणि मला घडी दाखवली. घोट्याच्या वर, नडगीवर लाल वळ उठला होता. दोन मोज्यांनी पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गार पडतात. एकच जोडी घाला, गुडघ्यापर्यंत येणारी, सुती नसलेली. थर्मलची पँट बुटात खोचू नका, बुटाच्या आत पाय आणि मोजा एवढंच हवं. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकीच टेकावीत, गुडघे वाकवले की सुटावीत. टाच वर उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, लगेच बदलून मागा.

स्की बुटाला अडकतच नसेल तर आधी तळव्याखाली चिकटलेलं बर्फ खरवडून काढा. नंतर बुटाचं पुढचं टोक बसवा आणि मग टाच दाबा. स्की सारखी निसटते किंवा पडल्यावरही निसटत नाही, तेव्हा दोष बाइंडिंगच्या, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीच्या, सेटिंगमध्ये असू शकतो. ते वजनावर ठरतं, म्हणून भाड्याने घेताना प्रत्येकाचं वजन खरं सांगा. हेल्मेट आवर्जून मागून घ्या. जीन्स आणि लोकरीचे हातमोजे नकोत, दोन्ही भिजतात.

उतारावर

वेग वाढला की माणूस घाबरून मागे झुकतो. इथेच सगळं बिघडतं, कारण वजन टाचांवर गेलं की स्की ऐकेनाशा होतात. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली हवी आणि हात समोर दिसायला हवेत. थांबायला स्कीची टोकं जवळ आणायची आणि मागची बाजू फाकवायची. पडलात तर उठण्याआधी दोन्ही स्की उताराला आडव्या करा, नाहीतर उठताक्षणी पुन्हा घसराल. हे सगळं आईवडिलांनी शिकवायच्या भानगडीत पडू नये. मुलांसाठी वेगळा इन्स्ट्रक्टर ठरवा, आणि पैसे तासाचे की दिवसाचे, स्की त्यात धरल्या आहेत का, हे उतारावर जायच्या आधी बोलून घ्या.

नवशिक्यांना गोंडोलाची, म्हणजे इथल्या केबल कारची, गरज नाही, खालचे सौम्य उतार पुरेसे आहेत. फिरण्यासाठी कोंगदुरीपर्यंतचा पहिला टप्पा करा, तिकीट आधीच ऑनलाइन काढून. दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळपास ३,९५० मीटरपर्यंत नेतो. तिथून स्कीवर उतरणं हे मुरलेल्यांचं काम. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवरच्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटूंचा जीव गेला. चार दिवस शिकलेल्या मुलाला कोणी तिथे न्यायला निघालं तर स्पष्ट नाही म्हणा.

खोलीत

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. मुंबई-पुण्याहून थेट आलेल्या मुलाचं पहिल्या रात्री डोकं दुखू शकतं, उलटी होऊ शकते. पाणी पाजा आणि पहिला अर्धा दिवस नुसता राहू द्या. त्रास वाढत गेला तर मात्र थांबू नका, टंगमर्गला खाली उतरा. खोलीत कोळशाची किंवा लाकडाची बुखारी (खोली गरम ठेवणारी शेगडी) असेल तर खिडकी थोडी उघडी ठेवा, आणि झोपण्यापूर्वी ती विझवून घ्या. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो. कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचं मडकं, पांघरुणात घेऊन झोपायचं नाही.

परतीचं विमान गुलमर्ग सोडल्याच्या दिवशीच नको. एक रात्र श्रीनगरला ठेवा, बर्फात रस्ता आणि विमानतळ दोन्ही अडतात. बाहेरचं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, घरातल्या निदान एकाकडे पोस्टपेड हवं. तो नंबर आणि हॉटेलचं नाव कागदावर लिहून मुलांच्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. गॉगल आणि हेल्मेट घातलेली सगळी मुलं लांबून सारखीच दिसतात.