काटकसर करताना या चुका टाळा: पुरुमेंताच्या डब्यापासून गिझरच्या बटणापर्यंत

गोव्यात घरखर्चाचं गणित बिघडवतो तो पाऊस. मे महिन्यात घासाघीस करून आणलेली मिरची जुलैत बुरशी धरते. स्वस्त मिळाले म्हणून भरून ठेवलेले सुके बांगडे नारळी पौर्णिमेच्या आत खवट होतात. काटकसरीचे बहुतेक सल्ले ‘एकदम जास्त घ्या, स्वस्त पडतं’ इथून सुरू होतात. घाटावरच्या कोरड्या हवेत ते चालत असेल, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओलावा डब्यात शिरायला टपून बसलेला असतो. म्हणून आधी पुरुमेंतातल्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीतल्या, चुका बघू, वीज-गॅस-पाणी नंतर.

पुरुमेंत: भरण्याआधी मोजत नाहीत, ही पहिली चूक

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगावच्या पुरुमेंताच्या फेस्तात (जत्रेत) गेलं की हात सैल सुटतो. ‘दोन किलो असू दे, पावसात बरं पडतं’ असं म्हणत पिशव्या भरतात. किती लागतं ते मात्र घरात कुणालाच ठाऊक नसतं. एप्रिलमध्ये मिरचीचा डबा एकदा वजन करून ठेवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा करा. चार माणसांच्या घरात पंधरा दिवसांत १५० ग्रॅम संपली, तर महिन्याला ३०० ग्रॅम, जून ते सप्टेंबर १ किलो २०० ग्रॅम. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) पाहुण्यांसाठी थोडी जादा धरा आणि दीड किलोवर थांबा. चिंच, सोलं (कोकम), कडधान्यं, सगळ्याला हाच हिशोब लावा.

दुसरी चूक म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात खरेदी. तेव्हा वळिवाच्या सरी सुरू झालेल्या असतात, ऊन भरवशाचं नसतं आणि विक्रेत्याकडचा मालही एखाद-दुसरी सर खाऊन आलेला असतो. माल एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत घरात आला, तर निदान तीन-चार कडक उन्हं हाती लागतात.

मिरची घेताना मूठभर हातात घेऊन हलवा. आत बिया खुळखुळल्या पाहिजेत आणि मिरची वाकवली की कट्टकन मोडली पाहिजे. चामड्यासारखी वाकली तर ती ओली आहे, म्हणजे तुम्ही पाण्याला मिरचीचा भाव देताय. हिशोब साधा आहे: एक किलो मिरचीत २० टक्के पाणी असेल आणि घरी वाळवून ते १० टक्क्यांवर आणलं, तर हातात साधारण ८९० ग्रॅम उरते. म्हणजे किलोमागे ११० ग्रॅमचे पैसे हवेत गेले. गोव्यातल्या खोला किंवा हरमल गावची मिरची घेताना हे जास्तच झोंबतं, कारण तिचा भाव साध्या मिरचीपेक्षा चढा असतो.

वाळवलेला माल भरताना होणारी चूक सगळ्यांत महागात पडते. उन्हातून आणलेली मिरची गरम असतानाच डब्यात कोंबतात आणि झाकण घट्ट लावतात. डबा थंड झाला की आतली वाफ झाकणाला आणि कडांना पाण्याच्या बारीक थेंबांत धरते, आणि बुरशीची सुरुवात तिथूनच होते. याच्या उलट चूक म्हणजे ‘थंड होऊ दे’ म्हणून रात्रभर सुपात उघडी ठेवणं. रात्रीच्या दमट हवेत ती दिवसभराची कमाई परत ओढून घेते. उन्हातून उचलल्यावर तास-दीड तास घरात पसरून ठेवा, हाताला गरम लागेनाशी झाली की त्याच संध्याकाळी भरा. एक मोठा डबा भरण्यापेक्षा महिन्याला एक असे चार लहान डबे करा. रोज उघडला जाणारा डबा रोज ओलावा घेतो, बाकीचे तीन सुरक्षित राहतात.

बुरशी आलेली मिरची, शेंगदाणे किंवा सुकं खोबरं धुऊन, पुसून, पुन्हा वाळवून वापरायचं नाही. ही काटकसर नव्हे. काही बुरशींचं विष शिजवल्यानंही जात नाही. वरची पांढरी-हिरवी लव पुसली तरी ते आत उरतं.

सुकी मासळी

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस बंद असते. म्हणजे सुक्या मासळीची खरी गरज दोन महिन्यांची, फार तर अडीच. तरीही चार महिन्यांची भरतात. बांगड्यासारख्या तेलकट माशात हे जास्त नडतं, कारण त्यातलं तेल हवेशी लागून खवट होतं आणि मासा पिवळसर-तांबूस पडतो. तो दोन महिन्यांपुरताच घ्या. सुकी सुंगटं (कोळंबी), गालमो (बारीक सुकी कोळंबी) यांत तेल कमी, ते नीट वाळलेले असले तर जास्त टिकतात.

खाऱ्या मासळीवर गुलाबी-लालसर झाक दिसली तर ती घेऊ नका. विक्रेता ‘मिठाचा रंग’ म्हणेल, पण ती मिठात वाढणाऱ्या जंतूंची खूण असते. पोटाकडच्या भागात बोट दाबा. मऊ लागला किंवा उग्र वास बोटाला चिकटला तर तो मासा आत वाळलेलाच नाही.

घरी आणल्यावर एक ऊन द्या, मग कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्याखाली फळी असू द्या, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा. चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीतून पावसात झिरपणारी ओल भिंतीला टेकलेल्या डब्याला हटकून लागते. मासळीत भुंगेरे दिसू लागले आणि ऊन नसेल, तर फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा, किडे मरतात. फक्त आधी दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधा, नाहीतर आठवडाभर बर्फालाही सुक्या बांगड्याचा वास येईल.

सोलं, नारळ, तांदूळ

सोलं स्टीलच्या किंवा अॅल्युमिनियमच्या डब्यात ठेवतात आणि दोन महिन्यांनी डब्याला डाग नि छिद्रं पडली म्हणून डब्यालाच नावं ठेवतात. सोलांत आंबटपणा आणि मीठ दोन्ही असतं. काचेची किंवा चिनी मातीची बरणीच वापरा. वर पांढरा थर आला की लगेच फेकू नका. कण कोरडे, चुरचुरीत असतील तर ते बहुधा मीठ आहे. कापसासारखी लव असेल तर बुरशी.

नारळ सोलून, शेंडी काढून ठेवणं ही तिसरी हमखास चूक. डोळे उघडे पडतात आणि ओलावा तिथूनच आत शिरतो. साठवणीचे नारळ न सोललेलेच ठेवा. सोललेले घेतले असतील तर शेंडी राहू द्या आणि डोळ्यांची बाजू वर करून ठेवा. घेताना हलवून पाणी वाजतं का ते पाहा. चवथीच्या तोंडावर मागणी चढते, तेव्हा भाव पडण्याची वाट बघत बसण्यापेक्षा महिनाभर आधी घेतलेले बरे.

तांदळात घातलेला कडुलिंबाचा पाला पूर्ण वाळलेला हवा, ओला पाला स्वतःच बुरशी आणतो. लवंग, तमालपत्र यांनी कीड थोडी दूर राहते, आत असलेली मरत नाही. बोरिक पावडर खाण्याच्या धान्यात घालू नका. उकडा तांदूळ पन्नास किलोंचं पोतं स्वस्त मिळतं म्हणून घेण्याआधी महिन्याचा खप बघा. चार महिन्यांत संपत नसेल तर स्वस्तपणा सोंड्यांच्या पोटात जातो.

वीजबिल: चुकीच्या जागी काटकसर

बाहेर पडताना दिवा बंद करणं चांगलंच, पण त्यात मोठी बचत नाही. ९ वॅटचा एलईडी रोज पाच तास चालला तरी महिन्याला १.३५ युनिट. ७५ वॅटचा जुना पंखा रोज बारा तास चालला तर २७ युनिट, आणि बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा त्याच वेळात साधारण ११. तीन पंख्यांमागे महिन्याला पन्नासेक युनिटचा फरक पडतो. गोव्यात घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतात, त्यामुळे वाचलेलं प्रत्येक युनिट तुमच्या सगळ्यांत महागड्या टप्प्यातलं असतं. म्हणून तपासायचं ते आधी पंखे, फ्रीज, गिझर आणि एसी.

गिझर तासभर चालू ठेवायची सवय अनेक घरांत आहे. १५ लिटरची टाकी २६ अंशांवरून ५० अंशांवर न्यायला सुमारे ०.४२ युनिट लागतं, आणि २ किलोवॅटच्या गिझरला त्यासाठी १२-१३ मिनिटं पुरतात. नंतरची पाऊण तासाची वीज फक्त गार होणारं पाणी पुन्हा तापवत राहते. आंघोळीआधी पंधरा मिनिटं लावा, एकामागून एक आंघोळी उरका.

रात्री फ्रीज बंद करणं ही उफराटी काटकसर. सकाळी आतलं सगळं पुन्हा थंड करायला तो जोमानं चालतो, आणि मधल्या वेळात दूध-मासे खराब होतात ते वेगळंच. त्याऐवजी दाराचं रबर तपासा: नोटेएवढा कागद दारात धरून दार लावा, कागद सहज ओढून निघाला तर रबर सैल आहे. पावसात रबराच्या घड्यांत काळी बुरशी साठते, ती साबणाच्या कोमट पाण्यानं काढून कोरडं पुसा. बऱ्याचदा तेवढ्यानं पकड परत येते. मागे आणि बाजूला १० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा.

एसी १८ अंशांवर लावला म्हणजे खोली लवकर थंड होते, हा गैरसमज आहे. साध्या एसीचा वेग तोच राहतो, तो फक्त जास्त वेळ चालतो. तापमान एका अंशानं वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे नवे एसी मुळातच २४ अंशांवर सुरू होतात, ते यासाठीच. २६ अंश आणि वर मंद पंखा, एवढं पुरतं. पावसाळ्यात उकाडा कमी, दमटपणा जास्त, तेव्हा ‘ड्राय’ मोड पुरेसा होतो. फिल्टर दोन आठवड्यांनी धुवा. कळंगूट, बाणावलीसारख्या किनाऱ्यालगतच्या घरांत बाहेरच्या युनिटवर खारट वाऱ्याचा थर बसून जाळी गंजते. वीज बंद करून साध्या पाण्याच्या हलक्या धारेनं महिन्यातून एकदा धुतलं, तर ते वर्षानुवर्षं जास्त टिकतं.

विजा चमकू लागल्या की टीव्ही, राउटर, सेट-टॉप बॉक्सचे प्लगच काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

गॅस

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचं वजन सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. ते १५.८ असेल तर भरलेला ३० किलो भरला पाहिजे. घेताना वजन करायला सांगणं हा ग्राहकाचा हक्क आहे. दारात लाज वाटून गप्प राहिलो तर दोनशे ग्रॅम कमी आलेला कधीच कळत नाही.

ज्योत पिवळी झाली, भांड्याचं बूड काळं पडलं, तर गॅस पूर्ण जळत नाही. बर्नरची छिद्रं सुईनं साफ करा, बर्नर पूर्ण वाळवून मगच बसवा. पावसात ओला बर्नर तसाच बसवल्यानं ज्योत फडफडते, आणि मग विनाकारण दुरुस्तीवाल्याला बोलावतात. चवळी, वाटाणे रात्री भिजवा. उकडा तांदूळही तासभर भिजवून कुकरला लावा, उघड्या टोपात तासभर खदखदवण्यापेक्षा गॅस बराच वाचतो. रबरी नळी मात्र जुनी झाली तरी चालतेय म्हणून ठेवू नका. पाच वर्षांनी बदलायचीच, आणि मधूनमधून सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघायचं.

पाणी

ठिबकणारा नळ ‘थोडाच तर आहे’ म्हणून राहतो. खाली पेला ठेवा, दहा मिनिटांत जमलेलं पाणी मोजा आणि १४४ ने गुणा. ५० मिलिलिटर जमलं तर दिवसाला ७.२ लिटर, महिन्याला २१६ लिटर होतं, आणि वायसर काही रुपयांत मिळतो. फ्लशची गळती डोळ्यांना दिसत नाही. टाकीत थोडी नीळ टाका आणि वीस मिनिटं फ्लश ओढू नका. भांड्यात निळं पाणी उतरलं तर आतलं रबर गेलंय. जमिनीखालची गळती शोधायची असेल, तर रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा टिपून ठेवा आणि सकाळी कुणी नळ उघडायच्या आधी बघा. आकडा सरकलेला असेल आणि फ्लश ठीक असेल, तर प्लंबरला सरळ मीटर आणि घर यांच्या मधला तुकडा आधी तपासायला सांगा.