स्लो कुकरमधली झणझणीत चिकन चिली

ही सोया सॉसची, चायनीज गाडीवरची चिकन चिली नव्हे. ही टेक्सासची, मिरची आणि जिऱ्याच्या दाट रश्शात मंद आचेवर शिजणारी. मूळ पदार्थात गोमांस असतं, आणि राजमा कट्टर टेक्सासकरांना चालत नाही. पण अमेरिकेतल्या घरांत चिकन आणि राजमा घालूनही ती सर्रास होते. इथे ती स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात करायची आहे.

साहित्य (४ लिटरचा स्लो कुकर, ४-५ जणांसाठी)

बोनलेस चिकन थाय (मांडीचे तुकडे) ७०० ग्रॅम, कोरडा राजमा १ कप, कांदे २, लसूण ६ पाकळ्या, ढोबळी मिरची १, डब्यातले चिरलेले टोमॅटो ४०० ग्रॅम, अडोबो सॉसमधल्या (आंबट-तिखट मेक्सिकन सॉस) चिपोटले मिरच्या (धुरी देऊन वाळवलेल्या) २, जिरेपूड २ लहान चमचे, ओरेगॅनो १ लहान चमचा, काश्मिरी तिखट १ मोठा चमचा, मक्याचे दाणे १ कप, पाणी किंवा स्टॉक १ कप, मीठ, लिंबू, कोथिंबीर.

आधी राजमा

कोरडा राजमा थेट स्लो कुकरमध्ये कधीही टाकू नका. कच्च्या दाण्यांतलं फायटोहीमॅग्लुटिनिन हे विषारी द्रव्य खळखळ उकळल्याशिवाय जात नाही, आणि ‘लो’वर, म्हणजे कमी आचेवर, स्लो कुकर तेवढा तापेलच असं नाही. असे अर्धकच्चे दाणे पोटात गेले की काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. शिवाय टोमॅटोच्या आंबटपणात दाणा मऊही पडत नाही. म्हणून रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या आणि ताज्या पाण्यात प्रेशर कुकरला पूर्ण शिजवून घ्या. दाणा बोटांत सहज चिरडला पाहिजे. डब्यातला राजमा शिजलेलाच असतो, तो फक्त धुऊन घ्या.

कृती

१. दोन चमचे तेलात कांदा कडेने तांबूस होईपर्यंत परता. लसूण, जिरेपूड आणि तिखट घालून अर्धा मिनिट हलवा. ही पायरी गाळली तर मसाला शेवटपर्यंत कच्चा लागतो, कारण स्लो कुकरमध्ये काहीच भाजलं जात नाही.

२. स्लो कुकरमध्ये हे परतलेलं, राजमा, ढोबळी मिरची, टोमॅटो, बारीक चिरलेली चिपोटले, ओरेगॅनो, दीड लहान चमचा मीठ आणि पाणी घाला. वर चिकनचे अख्खे तुकडे रश्शात दाबून ठेवा. चिकन फ्रीजरमधलं असेल तर आदल्या दिवशी फ्रीजमध्ये काढून ठेवा. गोठलेलं चिकन तापायला फार वेळ घेतं, तेवढ्यात जंतू वाढतात.

३. ‘लो’वर ५-६ तास किंवा ‘हाय’वर साधारण ३ तास. झाकण उघडू नका. एकदा उघडलं की साठलेली वाफ जाते आणि वेळ वीस-तीस मिनिटांनी लांबतो.

४. चिकन ७४ अंश सेल्सियसपर्यंत शिजलं की बाहेर काढून दोन काट्यांनी सोडवा. मक्याचे दाणे घालून परत आत टाका, अर्धा तास ‘हाय’वर ठेवा. शेवटी लिंबू आणि कोथिंबीर.

कुठे बिघडतं

रस्सा पातळ होतो तो पाणी जास्त घातल्याने. इथे वाफ बाहेर जातच नाही, उलट चिकन आणि टोमॅटोचं पाणी सुटतं. झालाच पातळ, तर वाटीभर राजमा ठेचून मिसळा. थायऐवजी ब्रेस्ट घेतलं तर ‘लो’वर ३-४ तासांतच तपासा, नाहीतर चोथा होतो.

अमेरिकन पाककृतीतली ‘चिली पावडर’ म्हणजे जिरं, लसूण, ओरेगॅनो मिसळलेला सौम्य मसाला. तेवढ्याच मापाने आपलं घरचं तिखट घातलं तर चिली तोंडात धरवणार नाही. तिखटपणा चिपोटलेनेच वाढवा, तिचा धुरकट वास या पदार्थाला शोभतो.

उरलेली चिली दोन तासांच्या आत उथळ डब्यांत घालून फ्रीजमध्ये ठेवा. गरम करताना गॅसवर उकळी आणा, स्लो कुकरमध्ये करू नका.