विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट: या चुका टाळा

वाळवा, पलूस, मिरज, कराड या कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पीत असाल, तर नायट्रेटची (खतातून, उकिरड्यातून पाण्यात उतरणारा नत्राचा क्षार) तपासणी करून घ्याच. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी नितळ असतं, म्हणून घरात कुणाला शंकाही येत नाही. भारतीय मानकानुसार (आयएस 10500) पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं.

उकळलं की झालं, असं समजणं. ही सगळ्यात घातक चूक. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट मिठासारखं पाण्यातच राहतं. उलट वाफ गेली की त्याचं प्रमाण वाढतं. लिटरला 44 मिलिग्रॅम असलेलं 5 लिटर पाणी आटून 4 लिटर झालं, तर तेच 55 होतं, म्हणजे मर्यादेच्या वर. आणि हे उकळलेलं पाणी आपण काळजीपोटी सर्वांत आधी कुणाला देतो? बाळाला, पावडरच्या दुधात कालवून. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद नायट्रेटमुळे घटू शकते. ओठ, नखं निळसर-राखाडी दिसू लागली तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक दवाखाना गाठा. अशा पाण्यात बाळाचं दूध कालवूच नका, तपासलेलं दुसरं पाणी आणा. सहा महिने अंगावरचं दूध मिळत असेल तर बाळाला वरचं पाणी लागतच नाही.

टीसीएल (ब्लीचिंग पावडर), तुरटी, कँडलचा फिल्टर, यूव्ही यांपैकी कशानेच नायट्रेट जात नाही. आरओने जातं, पण त्यातली मेम्ब्रेन (पाणी गाळणारा पातळ पडदा) जुनी झाली की ते पुरेसं अडत नाही. म्हणून मशीनमधून आलेलं पाणीही तपासायला द्या.

टीडीएस मीटरवर विसंबणं. विक्रेता मीटर बुडवून आकडा दाखवतो आणि आपण निर्धास्त होतो. तो आकडा विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा असतो. त्यात नायट्रेट किती, हे मीटर सांगत नाही.

रिपोर्ट अर्धवट वाचणं. काही प्रयोगशाळा 'नायट्रेट' लिहितात, काही 'नायट्रेट-नायट्रोजन'. दुसऱ्या प्रकारातला आकडा 4.43 ने गुणायचा. तिथे 12 दिसलं तर "45 च्या आत आहे" म्हणून सोडून देऊ नका, ते प्रत्यक्षात 53 आहे.

नमुना घेताना मोटर थोडा वेळ चालू ठेवा, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि थंड ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचवा. ग्रामपंचायतीतल्या तपासणी किटवर प्राथमिक अंदाज येतो, पण बाळ असलेल्या घराने प्रयोगशाळेचाच रिपोर्ट घ्यावा.

फक्त फिल्टर घेऊन थांबणं. पाण्यात नायट्रेट येतं कुठून, हेही बघायला हवं. आडसाली (जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या) उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे, आणि ती हप्त्याहप्त्याने द्यायची आहे. मजूर मिळत नाहीत म्हणून युरिया एकदाच फेकून पाटाने भरपूर पाणी सोडलं, तर पिकाला न लागलेलं नत्र मुळांखाली झिरपतं. पैसे आपले जातात आणि विहीरही आपलीच बिघडते. ठिबकमधून थोडं थोडं खत दिलं तर दोन्ही वाचतं. विहिरीच्या काठावरचा उकिरडा आणि बोअरजवळचा शोषखड्डा हेही तितकेच जबाबदार असतात, ते लांब हलवा.

जमिनीखालचं पाणी सावकाश सुधारतं, आकडा लगेच उतरणार नाही. तोवर उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासणी करा आणि दोन्ही रिपोर्ट एकाच फाईलला लावून ठेवा.