वजन कमी करण्याचे इंजेक्शन आणि मळमळ: गोव्याच्या घरातील जेवणखाण सांभाळताना

२०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने भारतात आली. ती घेणाऱ्यांची सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार मळमळीची आहे. वेगोव्हीत सेमाग्लुटाइड हे औषध असते आणि त्याच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ते घेणाऱ्या दर शंभरांपैकी सुमारे ४४ जणांना कधी ना कधी मळमळ झाली होती. औषध नसलेले इंजेक्शन घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १७ होते. बहुतेकांचा त्रास सौम्य किंवा मध्यम असतो, तो मात्रा वाढवण्याच्या आठवड्यांत अधिक जाणवतो आणि शरीराला सवय झाली की ओसरतो. पण तोपर्यंतचे दिवस नीट निभावले नाहीत तर माणूस चांगले चाललेले औषध मध्येच सोडून देतो, म्हणून हा मजकूर डॉक्टरांच्या सल्ल्याने ही इंजेक्शने घेणाऱ्यांसाठी लिहीत आहे.

या औषधांमुळे जठरातील अन्न पुढे सरकण्याचा वेग मंदावतो, आणि मेंदूतील तृप्तीशी व ओकारीशी संबंधित केंद्रांवरही त्यांचा परिणाम होतो. पूर्वी दोन-तीन तासांत हलके वाटू लागणारे पोट आता बराच वेळ भरलेलेच राहते, आणि त्यावर सवयीप्रमाणे आणखी अन्न गेले की मळमळ सुरू होते. ‘मळमळ जास्त म्हणजे औषध जास्त लागू पडते’ असे काही जण मानतात आणि मुकाट्याने सोसत राहतात. ते खरे नाही. ज्यांना मळमळ होत नाही त्यांचेही वजन चांगले उतरते, त्यामुळे ती कमी करण्यात औषधाचे काहीच नुकसान नाही.

पहिला बदल ताटातील प्रमाणाचा करावा. आपल्याकडे दुपारचे जेवण हे दिवसाचे मुख्य जेवण असते: भरपूर भात, नारळाच्या दाट रसातील हुमण (मासळीची आमटी), तळलेल्या मासळीचे तुकडे आणि वर सोलकढी. यातील भाताचा ढीग, खोबऱ्याचे व तळणाचे तेल या तीन गोष्टी एकत्र येतात तेव्हा मंदावलेल्या जठराला त्या पेलवत नाहीत, कारण स्निग्ध पदार्थ मुळातच पोटात जास्त वेळ रेंगाळतात. मासळी सोडण्याची मुळीच गरज नाही. उलट वजन उतरताना स्नायू टिकावेत म्हणून प्रथिने हवीतच. तीच मासळी रव्यात घोळून तळण्याऐवजी हळद-मीठ लावून वाफवावी किंवा तव्यावर थेंबभर तेलात भाजावी, हुमणाचा रस पातळ व कमी तिखट करावा आणि भात नेहमीच्या निम्म्याने वाढून घ्यावा. प्रथम मासळी, अंडे किंवा मुगाची उसळ खावी, भात नंतर. पोट भरल्याची पहिली जाणीव होताच हात थांबवावा, ताटात दोन घास राहिले तरी चालतील. घरातील वडीलधाऱ्यांना हे अन्न टाकल्यासारखे वाटते, त्यांना कारण आधीच समजावून सांगितलेले बरे.

त्रासाच्या दिवसांत आपली सकाळची पेज फार उपयोगी पडते. उकड्या तांदळाची मऊ, पातळ पेज थोडे मीठ घालून कोमट असताना घोट-घोट घेतली की पोटाला भार होत नाही आणि पाणी व मीठही शरीरात जाते. सोबत तेलात मुरलेले लोणचे नको. मिठातल्या कैरीची एखादी फोड पुरे, आणि रक्तदाब असलेल्यांनी तीही टाळावी. मात्र नुसत्या पेजेवर आठवडाभर राहू नये, कारण तिच्यात प्रथिने अगदी कमी असतात. मळमळ थोडी उतरली की दही, उकडलेले अंडे किंवा मुगाचे पातळ वरण जोडावे.

उपाशी राहिल्यानेही मळमळ वाढते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. श्रावणातील सोमवार किंवा एकादशी दिवसभर काही न खाता करून रात्री साबुदाण्याची तेलकट खिचडी खाणाऱ्यांना या औषधावर असताना हमखास त्रास होतो. उपवास करायचाच असेल तर दर तीन-चार तासांनी थोडे ताक, फळ किंवा वरीचा मऊ भात घ्यावा. मधुमेहाची औषधे चालू असतील तर उपवासाबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे.

पाणी जेवताना भराभर न पिता दोन जेवणांच्या मध्ये थोडे थोडे प्यावे. एप्रिल-मे महिन्यांतील दमट उकाड्यात घाम वाहत असतो आणि या औषधांमुळे तहान जाणवेलच असे नाही, म्हणून बाटली नजरेसमोर ठेवावी. नारळाचे दूध न घातलेले कोकमाचे पाणी किंवा आले टाकून उकळलेले पाणी पुष्कळांना मानवते. सोडा आणि फसफसणारी शीतपेये पोट फुगवतात. उर्राक आणि फेणी ही आपली दारू निदान मात्रा वाढण्याच्या काळात पूर्ण बंद ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बद्धकोष्ठता झाली असेल तर मळमळीची निम्मी तक्रार तिथूनच येत असते. तिचा उपाय वेळीच विचारून घ्यावा.

जेवून लगेच आडवे होण्याची दुपारची सवय मोडावी लागेल. किमान दोन तास बसून किंवा उभे राहून काढावेत, आणि झोप अनावर झालीच तर आरामखुर्चीत टेकून डुलकी घ्यावी. तळणीच्या वासाने मळमळ होत असेल तर काही आठवडे तळण दुसऱ्या कोणी करावे. चोर्ला किंवा अनमोड घाटातून प्रवास असेल तर आधी हलके खाऊन पुढच्या आसनावर बसावे.

इंजेक्शनचा वारही विचारपूर्वक निवडावा. पुष्कळांना पहिले दोन दिवस जड जातात, म्हणून लग्नाच्या किंवा जत्रेच्या आदल्या दिवशी ते येऊ देऊ नये. वार बदलता येतो, परंतु दोन इंजेक्शनांत वेगोव्हीसाठी किमान दोन आणि मौंजारोसाठी किमान तीन दिवसांचे अंतर हवे. मात्रा साधारणपणे चार आठवड्यांनी वाढवतात, वेगोव्ही ०.२५ आणि मौंजारो २.५ मिलिग्रॅमपासून. त्रास होत असताना ती त्याच पायरीवर आणखी चार आठवडे ठेवणे हे अपयश नव्हे. डॉक्टरांकडे तशी मागणी निःसंकोच करावी. दोन किंवा अधिक आठवडे इंजेक्शन चुकले असेल तर जुन्या मात्रेवर परस्पर परतू नये.

ओकारी थांबवणारी गोळी औषधाच्या दुकानातून स्वतःच घेऊ नये. ऑन्डॅनसेट्रॉनमुळे बद्धकोष्ठता वाढते, आणि ते व डोमपेरिडोन दोन्ही काही रुग्णांत हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात. गर्भधारणा शक्य असलेल्या स्त्रियांनी मळमळीचे खापर औषधावर फोडण्यापूर्वी चाचणी करावी: मौंजारोमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून ते सुरू केल्यावर आणि प्रत्येक मात्रावाढीनंतर चार आठवडे निरोधसारखे दुसरे साधन वापरायला सांगितले जाते. गर्भ राहिला असेल तर पुढचे इंजेक्शन न घेता डॉक्टरांना भेटावे.

काही लक्षणे मात्र घरी थांबून पाहण्याची नसतात. पोटाच्या वरच्या भागातून पाठीकडे जाणारी तीव्र, न थांबणारी कळ स्वादुपिंडाच्या सुजेची असू शकते. उजव्या बरगडीखाली दुखणे, ताप आणि डोळ्यांत पिवळेपणा हे पित्ताशयाकडे बोट दाखवतात. दिवसभर पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी गडद व अगदी कमी होत असेल, चक्कर येत असेल, ओकारीत रक्त असेल किंवा पोट फुगून वायूही सरत नसेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण शरीरातील पाणी आटल्याने मूत्रपिंडांना इजा होते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (मधुमेहाची गोळी) घेणाऱ्यांनी खाणे थांबताच रक्तातील साखर तपासावी आणि त्या औषधांच्या मात्रेबद्दल विचारावे. म्हापसा व मडगावची जिल्हा रुग्णालये किंवा बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) यांपैकी जवळचे गाठावे, वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा. जाताना इंजेक्शनच्या पेनचा खोका सोबत न्यावा आणि कोणती मात्रा, शेवटची कोणत्या दिवशी घेतली, हे तेथील डॉक्टरांना प्रथम सांगावे. भूल देण्याची वेळ आली तर तेच भूलतज्ज्ञांनाही सांगावे, कारण उपाशी ठेवूनही अशा रुग्णाच्या जठरात अन्न शिल्लक असू शकते.