मुलांच्या नियमित तपासणीचे वेळापत्रक : या चुका टाळा

बहुतेक घरांत लसीकरण म्हणजेच तपासणी असे गृहीत धरले जाते, आणि वेळापत्रक कोलमडण्याचे मुख्य कारण हेच असते. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात जन्मापासून दुसऱ्या वर्षापर्यंत डोसच्या तारखा आपोआप दवाखान्यात घेऊन जातात. १६ ते २४ महिन्यांच्या बूस्टरनंतर मात्र पुढचा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वाताची लस) बूस्टर थेट ५ ते ६ वर्षे वयात असतो. मधल्या काळात ठणठणीत दिसणारे मूल केवळ तापापुरते डॉक्टरांकडे जाते, आणि ताप पाहताना उंची-वजनाचा आलेख, बोलण्यातील प्रगती किंवा दात सहसा पाहिले जात नाहीत. दृष्टीचे तर विशेषच. एका डोळ्याने नीट दिसत असेल तर दुसरा डोळा आळशी पडला तरी मूल तक्रार करत नाही, आणि हा दोष जितका उशिरा सापडतो तितका उपचारांचा उपयोग कमी होतो. त्यामुळे लस असो वा नसो, तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी वाढदिवसाच्या महिन्यात स्वतंत्र वेळ घ्यावी आणि ती घेतानाच ही नियमित तपासणी असल्याचे सांगावे. त्यात दृष्टी आणि रक्तदाबही तपासून घ्यावा.

‘शाळेत तपासणी झालीच आहे’ हा समजही तपासून पाहावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, तर शासकीय व अनुदानित शाळांत एकदा येते. विनाअनुदानित खासगी शाळेतील मूल त्यात येत नाही. पथकाने पुढील तपासणीसाठी दिलेली चिठ्ठी दप्तरातच राहिली, तर त्या तपासणीला अर्थ उरत नाही.

साध्या सर्दीसाठी डोस पुढे ढकलू नये. डोस चुकलाच, तर साधारणपणे मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, राहिलेले डोस पुढे देता येतात. मात्र रोटाव्हायरससारख्या (बाळांच्या जुलाबावरील) लसीला वयाची मर्यादा असल्याने पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच विचारावे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाबाबत उलटा गोंधळ होतो. त्याची वाढ व विकास दोन वर्षांपर्यंत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात, पण लसी साधारणतः प्रत्यक्ष जन्मतारखेनुसारच द्यायच्या असतात.

माता-बाल संरक्षण कार्ड हरवल्यास लस घेतलेल्या केंद्राच्या नोंदवहीतून किंवा नोंदणी झालेली असल्यास यू-विन या शासनाच्या ऑनलाइन लसीकरण नोंदप्रणालीवरून माहिती मिळवावी. आठवणीवर विसंबून तारखा लिहू नयेत.